अर्जदाराच्या स्वहस्ते

ढगमास्तरांना सरसाच्या वासाचं कधी काही वाटलं नाही. हाडं आणि कातडी उकळून केलेला तो चिकट पदार्थ. रंगात मिसळायला बादलीभर तापत ठेवला की मागच्या गल्लीतली माणसं धडाधड खिडक्या लावून घेतात. मास्तरांनी त्याच वाफेत चाळीस वर्षं काढली, तिथेच डबा खाल्ला, तिथेच दुपारची डुलकी काढली. पण कला खात्याच्या कार्यालयात पाऊल टाकलं की पहिल्याच मिनिटाला त्यांना मळमळायला लागायचं. आणि तिथे तर कसला वासही नव्हता. स्वच्छ फरशी, गार हवा, कोपऱ्यातल्या कुंडीत प्लॅस्टिकचं झाड.

"प्लॅस्टिकचं!" मास्तर परत येऊन बायकोला सांगायचे. "कला खातं म्हणे. आणि पानं सगळी एका मापाची. शी!"

मास्तर नाटकांचे पडदे रंगवायचे. महाल, तुरुंग, बाग, रस्ता, जंगल, तुम्ही सांगाल ते. नाव पडलं ते मात्र ढगांवरून. आभाळ काय, कुणीही निळं फासतो. पण मास्तरांचा ढग बघून पहिल्या रांगेतल्या बायका छत्री चाचपतात, असं नाट्यगृहाचा दारवान सांगायचा. दारवान एक नंबरचा थापाड्या होता, तरी ही थाप मास्तरांना फार आवडायची.

काम चालायचं नाट्यगृहाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एक पडदा तीस फूट रुंद आणि अठरा फूट उंच. तो ताणून टांगायला तेवढी उंची हवी, खाली बादल्या मांडायला जागा हवी, आणि मागे मागे सरकत लांबून बघता यायला हवं. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. तिथे पडद्याचा नुसता एक कोपरा पसरला असता तर घरच्यांना जिन्यात बसून जेवावं लागलं असतं. शेड गेली की धंदा गेला, इतका सरळ हिशेब होता.

शेडमध्ये माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची बायको. नाटकवाले तिला काकू म्हणायचे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती एकदा डबा द्यायला आली होती. मास्तर शिडीवर चढून बागेचा पडदा रंगवत होते. ती खाली उभी राहून बघत राहिली आणि एकदम फिसकन हसली.

"हसायला काय झालं?" मास्तरांनी वरून विचारलं.

"काही नाही. झाडाला चमचे लागलेत."

आता नव्या नवरीने असं बोलावं? मास्तर तावातावाने खाली उतरले आणि ब्रश तिच्या हातात कोंबून म्हणाले, "घे, तू काढ. बघू तरी." तिने काढलं. ब्रशच्या एका कडेला गडद हिरवा, दुसऱ्या कडेला पिवळट हिरवा, कापडावर टेकवून जरासा दाब, मनगटाला एक हिसका, आणि उचलला. पान झालं. मधली शीर न काढताच दिसत होती.  मास्तरांनी डबा खाल्ला, हात धुतले, आणि म्हणाले, "उद्या जरा लवकर ये."

ती रोज यायला लागली ती लागलीच. पुढे मुलगी झाली, तीही बादल्यांमध्ये रांगली. चाळीस वर्षांत मास्तरांनी एक पान काढलं नाही आणि तिने एकही ढग काढला नाही. कुणी विचारलंच तर मास्तर ऐटीत सांगायचे, "त्याचं असं आहे, ढग काढावे लागतात. पानं काय, भरायची असतात." हे ते तिच्यादेखत सांगायचे. ती तेव्हा बहुतेक सरस ढवळत असायची.

आणि मग आला नाट्यगृहाचा नवा व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण त्याला रिकामी जागा दिसली की हात शिवशिवायचे. पंखे विकणाऱ्या एकाला शेड गोदामासाठी द्यायचं त्याने ठरवून टाकलं.

"माझा इलाज नाही मास्तर," तो म्हणाला. "हल्ली पडदे छापून मिळतात. पण एक सांगतो. कला खात्याचं अनुदान लागलं की जागेला मान्यताप्राप्त कार्यशाळा म्हणतात. मग मीच काय, माझा बापही तिला हात लावू शकत नाही. तीन महिने थांबतो तुमच्यासाठी."

म्हणून मास्तर त्या गार हवेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने बावीस पानांची पुस्तिका पुढे सरकवली. वर लिहिलं होतं, 'पात्रतेचे निकष'. बावीस पानं! एवढ्या पानांत तर काकूंनी अख्खं झुडूप उभं केलं असतं.

"काय करता आपण?" कारकुनाने विचारलं.

"नाटकाचे पडदे रंगवतो."

"पडदा उघडतो-मिटतो का?"

"पडदाच आहे तो. उघडणार-मिटणार नाही तर काय अंडी घालणार?"

कारकुनाने सहाव्या पानावर बोट ठेवलं. "वापरात असलेली वस्तू कलाकृती धरली जाणार नाही. तुमचं सामानात येतं. सामानाला लघुउद्योग, समोरची इमारत, दुसरा मजला."

मास्तर समोरच्या इमारतीत गेले, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी फोटो बघितले आणि कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, ढग काढता तुम्ही? मग कलाकार आहात की! इथे कशाला आलात?" मास्तर पुन्हा रस्ता ओलांडून खिडकीशी. कारकून म्हणाला, तसं असेल तर वापरातून काढलेले पडदे दाखवा, ते चालतील.

"ते आम्ही धुतो."

"धुता म्हणजे?"

"कापड महाग असतं हो. नाटक बंद पडलं की पडदा पाण्याने धुवायचा. सरसाचा रंग, निघतो पाण्याने. मग त्यावर दुसरं नाटक. एकेका कापडावर सात-सात नाटकं होतात आमची."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे वापरात आहे तोवर ती कला नाही, आणि कला व्हायची वेळ आली की तुम्ही ती धुऊन टाकता?"

"सरकारला हवी असेल तर बादलीत ठेवलीय," मास्तर म्हणाले.

अशा चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला नवा कागद. गुरूचं प्रमाणपत्र आणा, म्हणे. गुरू वारून तीस वर्षं झाली होती. मग गुरूच्या मृत्यूचा दाखला आणा. तो आणला तर त्यावर गुरूचा व्यवसाय 'रंगारी' लिहिलेला. "हे घरं रंगवणारे होते का?" मास्तरांना वाटलं, इथेच खिडकीतून हात घालून याची मानगूट धरावी आणि सरसाच्या बादलीत बुचकळून काढावी. पण शेड डोळ्यांसमोर यायची आणि हात खिशात जायचा. एवढी लाचारी या माणसाने आयुष्यात कधी केली नव्हती. घरी येऊन तोंड धुतलं तरी ती तोंडावरून जाईना.

शेवटी तारलं जंगलाच्या पडद्याने. परगावच्या प्रयोगाहून येताना त्याची वरची पट्टी ट्रकमध्ये फाटली होती, त्यामुळे तो वापरात नव्हता; आणि धुतलाही गेला नव्हता, कारण काकूंनी धुऊ दिला नव्हता. "असू द्या की एखादा," एवढंच म्हणाल्या होत्या. दहा कलाकृती, किंवा एकूण चारशे चौरस फूट काम, अशी एक पळवाट पुस्तिकेत होती. जंगल पाचशे चाळीस फूट भरत होतं. म्हणजे चाळीस वर्षं राबलेला माणूस कलाकार ठरत होता तो एका ट्रकवाल्याच्या हलगर्जीपणामुळे. याला काय म्हणावं!

अर्ज भरायला रविवारी लेक आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. बारीक अक्षर वाचायची तिला सवय. शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून ती पुस्तिका वाचत होती, मास्तर पडद्याची धूळ झटकत होते, आणि काकू पलीकडे सरस ढवळत होत्या.

"'कलाकृती संपूर्णपणे अर्जदाराच्या स्वहस्ते निर्माण केलेली असावी,'" लेकीने वाचलं. "'तसे प्रतिज्ञापत्र जोडावे.' बाबा, जंगलाची पानं आईची आहेत."

"बरं मग? मदतीला माणूस लागतोच प्रत्येक धंद्यात."

"मदत? बाबा, त्या पडद्यात पानांशिवाय आहे काय? वर दोन हात तुमचे ढग, बाकी खालपर्यंत सगळी आई."

"तू वाच पुढे."

लेकीने पुढे वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "हे बघा, नियम नऊ. 'दोन कलाकारांची नावे, योजना जाहीर होण्यापूर्वीपासून, कलाकृतीवर असल्यास संयुक्त अर्ज ग्राह्य धरला जाईल.' मग झालं की! आईचं नाव आहे ना पडद्यावर कुठेतरी?"

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. "पडद्यावर कसली आलीत नावं! आम्ही काय दुकानांच्या पाट्या रंगवतो?" आणि मग पुढची दहा मिनिटं त्यांनी सरकारला अशा काही शिव्या घातल्या की लेकीने पुस्तिका मिटून ठेवली. पलीकडे काकू ढवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी हे असं लिहिणार नाही," लेक म्हणाली. "खोटं आहे हे."

तेव्हा काकू बोलल्या. "लिही गं. शेड राहिली पाहिजे. शेड नसली तर मी दोन खोल्यांत काय भिंती चाटू? करा हो तुम्ही सही. पानं काय कोर्टात जाणार आहेत?"

मास्तरांनी सही केली. शिक्का मारणाऱ्याने प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, तसा नियमच होता. 'संपूर्णपणे माझ्या स्वहस्ते' म्हणताना ठसका लागला. शिक्का मारणारा म्हणाला, "पाणी घ्या, पाणी घ्या." रस्त्यावर आल्यावर मास्तरांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी एका झाडाखाली उभं राहून सरकारला, कारकुनाला, पंखेवाल्याला, सगळ्यांना मनसोक्त नावं ठेवली, तेव्हा कुठे घरी जाण्याइतकं बरं वाटलं.

तीन महिने संपायला बारा दिवस होते तेव्हा पाहणी समिती आली. माणसं तीन. अध्यक्षबाई, हातात फाईल आणि नाकाला रुमाल. एक तरुण अधिकारी, येईल त्या वस्तूचा फोटो काढणारा. त्याने आल्या आल्या झाडूचासुद्धा फोटो काढला. आणि तिसरे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा.

"इथे काही मेलंय का?" बाईंनी रुमालातून विचारलं.

"हो, नाटक," मास्तर म्हणाले. काकूंनी डोळे वटारले तसे ते गप्प झाले.

जंगलाचा पडदा सकाळीच चढवून ठेवला होता. फाटलेली पट्टी काकूंनी शिवली होती. वरच्या पत्र्याच्या फटींतून ऊन पडलं होतं आणि सगळं जंगल उजळून निघालं होतं. चित्रकला शिक्षक बघत राहिले. मागे सरकले, पुन्हा जवळ गेले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ढग चांगले आहेत," ते म्हणाले. "पण ही पानं! अहो, हजारो असतील, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. आत्ताच वारा येऊन गेल्यासारखं वाटतंय. मास्तर, कुठे शिकलात हे?"

मास्तरांनी ढगांच्या बादल्या पुढे ओढल्या.

"प्रात्यक्षिक घ्यायचंय ना आपल्याला?" शिक्षकांनी बाईंना विचारलं. "नियम अकरा. ढग राहू देत. मास्तर, आम्हाला एक पान काढून दाखवा. एकच."

बोंबला! मास्तरांनी सकाळपासून ढगाची तयारी करून ठेवली होती. निळा, पांढरा, राखाडी, सगळं भिजवून ठेवलेलं, शेजारी एक कोरं कापडही ताणून ठेवलेलं. पानाचा विचारही डोक्यात नव्हता. काकू चहाचा ट्रे घेऊन समितीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, ट्रे एका हातावर तोलला, आणि मोकळं मनगट हळूच हवेत वळवून दाखवलं. असं. दाबा, फिरवा, उचला.

मास्तरांनी ब्रश उचलला. काकूंच्या रंगांच्या बादल्या कोपऱ्यात होत्या, त्यातल्या एकाच हिरव्यात बुडवला. दुसऱ्या कडेला दुसरा रंग लावायचा असतो हे आठवलं तेव्हा ब्रश कापडाला टेकलाही होता. दाबला, फिरवला, उचलला. चमचा.  शेजारी दुसरं काढलं. तोही चमचा, जरा मोठा, वाढायचा. तरुण अधिकाऱ्याने दोन्हींचे फोटो काढले.

 शिक्षक खाली वाकून त्या चमच्यांकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. अध्यक्षबाईंनी मात्र फाईल उघडली.

"झालं प्रात्यक्षिक," त्या म्हणाल्या आणि खूण केली. "छान आहे पान. हिरवं आहे. इथे सही करा मास्तर, मग शिफारस जाईल आमची. पुढच्या आठवड्यात मान्यता हातात पडेल."

म्हणजे शेड राहिली! फक्त खाली एक सही. काकूंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला तो मास्तरांना ऐकू आला. बाईंनी पेन पुढे केलं. आणि मास्तरांची नजर पुन्हा त्या कापडावर गेली. हिरवा, गुळगुळीत, निर्जीव चमचा. याला ही बाई पान म्हणाली. पलीकडे वाऱ्यावर हललेलं अख्खं जंगल उभं असताना, या घाणीला पान म्हणाली, आणि छान म्हणाली.  कार्यालयात यायची तशीच मळमळ, पण या वेळी थेट घशाशी.

"हे पान नाही," ते म्हणाले.

"काय?"

"हे पान नाहीये बाई. डोळे आहेत का तुम्हाला? हा चमचा आहे. मला पान येत नाही. कधीच आलं नाही. ती सगळी पानं हिची आहेत." त्यांनी काकूंकडे बोट केलं.

"अहो!" काकू ओरडल्या. ट्रेवरचा एक कप घरंगळला. "काय बोलताय? वेड लागलंय का तुम्हाला? बाई, यांना ताप आहे, तुम्ही लिहा ते."

पण शिक्षकांनी ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ब्रश पुढे केला. काकूंनी एकदा नवऱ्याकडे असं बघितलं की तिथे दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. मग हात पुसले, ब्रशच्या दोन कडांना दोन रंग लावले, आणि चमच्यांच्या मधोमध एक पान काढलं. श्वास घ्यायलाही तेवढा वेळ लागत नाही. मग, हात लागलाच होता म्हणून, त्याच्या आडून डोकावणारं आणखी एक.

"हं," शिक्षक म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसला.

अध्यक्षबाई घड्याळ बघत होत्या. "हे फार अवघड करून ठेवलंत तुम्ही. प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. अर्ज बाद, आणि पाच वर्षं कुटुंबातल्या कुणालाही अर्ज करता येत नाही. नियम एकोणीस."

"थांबा, थांबा," शिक्षक म्हणाले. "नियम नऊ आहे ना. संयुक्त कलाकार. फॉर्म चुकीचा भरला गेला, एवढंच लिहू. मी सही देतो त्यावर. दोघांची नावं पडद्यावर असली की झालं."

"नाव नाहीये," काकू चटकन म्हणाल्या. "राहू द्या ते. उगाच कशाला."

"असेल हो. मी बघितलेत पडदेवाले. समोर कधी लिहीत नाहीत, पण खाली कोपऱ्यात, दांडीला गुंडाळलेल्या भागात, हमखास सही करतात." आणि तो भला माणूस त्या वयात गुडघ्यांवर बसला. तरुण अधिकाऱ्याने दांडीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून खालचा वेढा उलगडला.

मास्तर जागचे हलले नाहीत. तिथे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

उजव्या कोपऱ्यात सही होती. चांगली वीतभर, वळणदार, शेवटच्या अक्षरावर एक छोटासा ढग काढलेला. 'ढगमास्तर'. शेजारी वर्ष. आणि त्याच्या शेजारी तेवढीच मोकळी जागा, कोरी.

मास्तरांना तो दिवस काल झाल्यासारखा आठवला. जंगल पुरं झालं होतं, तिचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता, आणि ते ऐटीत खाली बसून सही करत होते. ती बादल्या धुता धुता म्हणाली होती, "शेजारी जागा राहिलीय की अजून." आणि ते हसले होते. "पानांवर कुणी सही करतं का वेडे? पानं भरायची असतात." तीही हसली होती. निदान तेव्हा त्यांना तसं वाटलं होतं.

"इथे एकच नाव आहे," तरुण अधिकारी म्हणाला आणि त्याने फोटो काढला.

"अरेरे," शिक्षक म्हणाले. उठताना त्यांनी मास्तरांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तीन महिन्यांत मास्तरांनी कारकुनांच्या नजरा झेलल्या होत्या, पण ही नजर त्यांना सोसली नाही.

अध्यक्षबाईंनी फाईलमध्ये लिहायला घेतलं. "शेरा लिहावा लागेल. यांचं काम काय म्हणून लिहू?"

"ती पानं भर..." सवयीने मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावेपर्यंत बाईंनी लिहूनही टाकलं होतं. 'मदतनीस. पाने भरणे.' कुठला नियम आणि कुठलं सरकार! तो शेरा चाळीस वर्षांपूर्वीच लिहून झाला होता आणि लिहिणारा हात मास्तरांचा होता.

समिती गेली. चहा कुणी प्यायलंच नव्हतं. काकू खाली बसून मास्तरांनी वापरलेला ब्रश धूत होत्या.

"असा टाकून देतात का ब्रश? सरस वाळला की कामातून जातो."  मग त्या म्हणाल्या, "मिळाली होती शेड. हातात आली होती. चमचा तर चमचा, तुम्हाला काय करायचं होतं?"

"तो चमचा तुझ्या पानांशेजारी... मला किळस आली गं."

"आज आली," काकू म्हणाल्या.

 मास्तर उठले, बारीक ब्रश शोधला, काळा रंग घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसले. आपल्या सहीशेजारच्या कोऱ्या जागेवर त्यांनी ब्रश नेला. 

"राहू द्या," काकू तिथूनच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला वाईट वाटलं नाही असं समजू नका. वाटलं. पहिली काही वर्षं फार वाटायचं. प्रत्येक पडद्याला वाटायचं, या खेपेला म्हणतील. मग सवय झाली."

"मग आता लिहितो ना."

"आता लिहिलंत तर तारीख आजची पडेल."

मास्तरांचा ब्रश कापडापासून बोटभर अंतरावर थांबला. काळ्या रंगाचा एक थेंब खाली फरशीवर पडला. काकूंनी धुतलेला ब्रश फडक्याला पुसला, जागेवर ठेवला, आणि येऊन दांडीचं दुसरं टोक धरलं.

"उठा. बारा दिवसांत सगळं हलवायचंय. धरा तिकडून."

दोघांनी पडदा खालून गुंडाळायला घेतला. सही पहिल्याच वेढ्यात आत गेली. मग पानं जायला लागली, आणि ती कितीतरी वेळ जात राहिली.